दारावरचं वाकडं नाव

नदी जिथे मोठं वळण घेते, तिथे एक गाव होतं. त्या गावातल्या सगळ्या घरांची दारं वरून गोल, कमानीची. गावाची एक रीतही होती. कुणाकडे लग्न असो, बारसं असो, कुणी नवं घर बांधो, त्या घराच्या कमानीखाली रंगीत कागदात कापलेलं नाव लावायचं. सरळ पट्टीसारखं नाव कुणी लावत नसे. दार गोल, तर नावही कमानीला धरून गोल वळलेलं हवं.

ही नावं कापणारी एक बाई त्या गावात राहत असे. तिचं नाव भिवरा.

भिवराचं काम बघत राहावं असं होतं. दाराच्या कमानीचं माप ती सुतळीने घेऊन यायची. घरी जमिनीवर कागद पसरायची. कागदापासून दूर खाली एक खिळा ठोकायची. खिळ्याला दोरा, दोऱ्याच्या टोकाला कोळसा. कोळसा फिरवला की कागदावर सुरेख कमान उमटायची. त्या कमानीवरून शिरोरेषा जायची आणि तिला अक्षरं लोंबायची. मधलं अक्षर ताठ, डावीकडची डावीकडे जराशी कललेली, उजवीकडची उजवीकडे. कमानीखाली अक्षरांचे पाय जवळ जवळ येतात, म्हणून प्रत्येक अक्षर खाली येताना थोडं निमुळतं करावं लागतं. नाहीतर एकाचा उकार शेजारच्याच्या कान्यावर जाऊन आदळतो. भिवराच्या हातून असं कधी झालं नाही. सगळं नाव एका अखंड कागदातून निघायचं, कुठे जोड नाही की ठिगळ नाही.

पण भिवराला वाकडं काही सोसायचं नाही.

गल्लीतून जाताना तिची नजर दारांवरून फिरत जायची. कुठे एखादं अक्षर ओघळलेलं दिसलं, की न विचारता तिवई ओढून ती वर चढायची. एकदा एका घरी मुलाच्या आत्याने हौसेने भाच्याचं नाव कापून लावलं होतं. भिवराने ते खालूनच बघितलं आणि म्हणाली, “हे काय लावलंय? नाव आहे की दोरीवर वाळत घातलेली धडुती?” तिने ते काढून घेतलं आणि दिवस मावळायच्या आत नवं नाव आणून लावलं. बघणारे म्हणाले, “वा! भिवराबाईंचा हात तो हात!” आत्या मात्र तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेली होती. भिवराच्या ते ध्यानातही आलं नाही.

तेव्हापासून लोक तिला मान देत, पण जरा बिचकूनच असत. ती गल्लीच्या टोकाला दिसली, की बायका अंगणातल्या रांगोळीची रेघ पुसून पुन्हा ओढत. कामापुरतं तिला बोलावणं यायचं. नाव लावून झालं, की उंबऱ्यावरच हातावर गूळ ठेवला जायचा आणि घरची मंडळी तिनेच सजवलेल्या दारातून आत समारंभाला जायची. भिवरा रस्त्यावर थोडा वेळ उभी राहायची. आतून पाळण्याची गाणी ऐकू यायची. मग पिशवीत कातर टाकून ती घरी निघायची.

‘काम झालं, आपण निघालो. कारागिराने असंच असावं,’ असं ती स्वतःला सांगायची.

तिचा नवरा तरुणपणीच गेला होता. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी एकटीपुरती भाकरी थापायला बसलं, की पिठात पाणी नेमकं जास्त व्हायचं. मग पीठ वाढवायचं, आणि उरलेली भाकरी सकाळी खायची. तिच्या स्वतःच्या दारावर कधीच काही नव्हतं. नुसती दगडाची कमान.

तिच्या समोरचं घर बरेच दिवस रिकामं पडलं होतं. एका सकाळी त्या घराचं दार उघडलं आणि एक कासारीण तिथे राहायला आली. तिचं नाव तानू. वय भिवराएवढंच, तीही एकटीच. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गल्लोगल्ली फिरायची आणि बायकांना बांगड्या भरायची. पहिल्याच दिवशी ती खापरी घेऊन भिवराच्या दारात आली.

“बाई, चूल पेटवायची आहे. थोडा विस्तव देता का?”

भिवराने विस्तव दिला. तानूने तो घेतला, पण जायच्या ऐवजी ती पायरीवर टेकली.

“केवढं बारीक काम करता हो! बघू तुमचे हात.”

तिने भिवराचा हात आपल्या हातात घेतला, उलटापालटा करून बघितला, बोटं जुळवून पंजा दाबला. बांगडीचं माप बघायची कासारणीची ती सवयच. भिवराला मात्र कसंतरी झालं. कुणी आपला हात असा हातात धरून किती काळ लोटला, हे तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी तानू पुन्हा आली, या वेळी ताकाचा लोटा घेऊन. मग रोजच येऊ लागली. दुपार कलली, की पेटी घरात ठेवायची आणि भिवराच्या पायरीवर येऊन बसायचं. भिवरा कापायची, तानू बोलायची. कुणाच्या सुनेला हिरव्याच बांगड्या हव्यात, कुणाच्या सासूचा हात एवढा फुगलाय की बांगडी चढताना तीच रडते आणि तीच हसते. भिवरा फारसं बोलायची नाही, पण कापता कापता तिचे खांदे हसण्याने हलायचे. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघींनाही कळलं नाही. दुपार कलायला लागली, की भिवराचे कान समोरच्या दाराकडे लागायचे.

एके दिवशी तानू म्हणाली, “गावभर नावं लावतेस, आणि तुझ्या दारावर काय गं?”

“माझ्या दारावर कशाला? कोण वाचणार?”

“मी वाचीन की. रोज समोर तर असते.”

भिवरा हसली आणि विषय तिथेच राहिला. तानूने मात्र तो मनात धरला. त्यानंतर ती भिवराचं काम जरा जास्तच निरखून बघायला लागली. तिच्या बोटांना बारीक बारीक चिंध्या बांधलेल्या दिसायला लागल्या.

“काय गं झालं हाताला?”

“काच लागली. आमच्या धंद्यात व्हायचंच.”

मग एके दिवशी भिवराला नदीपलीकडच्या वाडीत लग्नघरी जावं लागलं. नवऱ्या मुलाचं नाव लावून ती दुपारी परत आली. गल्लीच्या तोंडाशी दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी भिवराकडे बघितलं, मग एकमेकींकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. भिवरा पुढे गेली आणि आपल्या घरासमोर थबकली.

तिच्या कमानीखाली नाव लावलेलं होतं. भिवरा.

गुलाबी कागद, तिच्याच टोपलीतल्या तुकड्यांचा. कमान घागरीच्या तोंडावर आखलेली असावी, कारण ती भलतीच आवळलेली होती. भ चा पाय व च्या पोटात घुसला होता. र मागे रेलून बसला होता आणि त्याचा काना खाली लांब लोंबत होता. वेलांटी कापताना तुटली असावी. खळ लावून ती पुन्हा डकवली होती, आणि खळ वाळून तिथे पांढरा गोळा झाला होता.

समोरच्या दारात तानू उभी होती. दोन्ही हात पदरात लपवलेले, आणि चेहरा असा, की जणू तिच्याच घरी लग्न आहे.

“वाचलंस का?” ती म्हणाली.

भिवराला पाठीमागच्या त्या दोन बायकांचं हसू ऐकू येत होतं. तिचे कान तापले. गावातलं प्रत्येक नाव आपल्या हातचं, आणि आपल्याच दारावर हे? उद्या लोक काय म्हणतील? तिने नाव वाचलं होतं. पण तिला दिसत होती ती फक्त अक्षरं. तानूच्या चेहऱ्याकडे तिने बघितलंच नाही.

“घागरीवर आखलंस ना?” ती म्हणाली. “आवळलंय ते. अशी कमान घेतली की अक्षरं एकमेकांवर पडणारच. थांब, तुला दाखवते.”

तिने तिवई घेतली, नाव काढलं, आत जाऊन कातरणीच्या टोपलीत टाकलं. नवा गुलाबी कागद काढला. दोरा, खिळा, कोळसा. तिचे हात झरझर चालले. थोड्याच वेळात ती नवं नाव घेऊन बाहेर आली आणि तिने ते कमानीखाली लावलं. एकेक अक्षर जिथल्या तिथे. वेलांटी अशी, की वाऱ्याने आत्ताच वाकवली असावी.

“बघ. हे असं असतं,” भिवरा म्हणाली.

तानूने वर बघितलं.

“छान आहे गं,” ती म्हणाली. “फारच छान. माझं आपलं उगीचच.”

ती आपल्या घरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली, तानू आली नाही. ‘दमली असेल,’ भिवराने मनात म्हटलं. त्यानंतरही ती आली नाही. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. समोरासमोर गाठ पडली की तानू हसून “काय, बरं आहे ना?” विचारायची आणि पेटी सावरत पुढे जायची. भिवराला वाटायचं, हाक मारावी. मग वाटायचं, मी काय वाईट केलं? चुकलेलं बरोबर करून दाखवलं. शिकायचं असेल तर येईल आपणहून.

ती पायरीवर एकटीच कापत बसायची. डोक्यावर तिचं नाव झुलत असायचं. येणारेजाणारे थांबून म्हणायचे, “काय देखणं नाव आहे, भिवराबाई!” आणि पुढे जायचे. आत कुणी येत नव्हतं. लोट्यात ताक नव्हतं. कातरीचा आवाज तिला पूर्वी कधी जाणवला नव्हता. आता तो दिवसभर ऐकू यायचा.

एका सकाळी समोरच्या दाराला कुलूप दिसलं. शेजारची बाई अंगण झाडत होती. तिला भिवराने विचारलं, “तानू लवकरच गेली वाटतं आज फेरीला?”

“फेरीला? अहो, त्या निघाल्या ना गाव सोडून, आत्ताच घाटाकडे गेल्या. नदीच्या खालच्या अंगाला भाची असते त्यांची. कधीची बोलावत होती म्हणे. इथे जीव रमलाय म्हणून जात नव्हत्या.” बाई झाडता झाडता थांबली. “तुम्हाला बोलल्या नाहीत?”

भिवरा घरात आली. तिने कातरणीची टोपली जमिनीवर उलटी केली. लाल, पिवळे, निळे तुकडे तिने बोटांनी पसरले. गुलाबी कुठेच नव्हता. मग तिला आठवलं. कातरण साठली की ती चुलीत घालायची. टोपली मागेच एकदा रिकामी झाली होती. ते नाव पेटलं, तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. तिचं लक्ष दुधाकडे होतं.

ती तशीच उठली आणि घाटाकडे निघाली. एरवी ती सावकाश, दारं बघत चालायची. आज तिने एकाही दाराकडे बघितलं नाही.

होडी अजून सुटली नव्हती. तानू काठावर बसून पेटीला दोरी आवळत होती. भिवराला बघून तिने हात थांबवले.

“तानू, चाललीस?”

“हो गं. भाचीची लेकरं लहान आहेत. तिलाही मदत हवीच आहे.”

“मला सांगितलं नाहीस.”

“सांगायला आले होते. तू खाली मान घालून कापत होतीस. म्हटलं, कशाला कामात मोडता घालायचा. फिरले माघारी.”

भिवरा तिच्याजवळ खाली बसली. तानूच्या बोटांवरच्या चिंध्या आता नव्हत्या. तिथे बारीक पांढरे वण होते. बांगडीची काच कशी लागते, हे भिवराला ठाऊक नव्हतं. पण कातर कशी लागते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीच्या आतल्या बाजूला. नवशिक्याला लागते नेमकी तिथेच.

“तुझं नाव मी जाळलं, तानू,” ती म्हणाली. “तू केलेलं. कातरणीबरोबर चुलीत गेलं.”

तानूने पेटीच्या दोरीला गाठ मारली. मग म्हणाली, “असू दे. कातरणच होती ती.”

“नव्हती. मला पुन्हा करून देशील? तसंच. जसं होतं तसंच.”

“आता नाही जमायचं गं.” तानूच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर भिवराला बरं वाटलं असतं. “तेव्हा कापताना सारखं मनात यायचं, भिवरा येईल, वर बघेल, हसेल. त्या आनंदात हात चालला. वाकडं होतंय हे मला काय दिसत नव्हतं? दिसत होतं. पण त्याचं काही वाटत नव्हतं. आता बसले, तर वाटेल.”

नावाडी ओरडला, “कासारीणबाई, चढा. ऊन चढतंय.”

भिवराने पेटीची एक बाजू धरली. दोघींनी मिळून ती होडीत ठेवली. चढताना तानूने भिवराचा हात धरला आणि क्षणभर तसाच दाबून ठेवला.

“जेवत जा वेळेवर,” ती म्हणाली. “शिळी भाकरी खात बसू नको.”

होडी सुटली. वळणापाशी ती दिसेनाशी झाली. तरी भिवरा घाटावर उभीच होती. पाणी आणायला आलेल्या बायका घागरी भरून निघून गेल्या, तेव्हा कुठे ती परतली. घरी आल्यावर तिने तिवई घेतली आणि दारावरचं नाव काढून टाकलं. त्यात कुठेही चूक नव्हती. आणि तिला ते बघवत नव्हतं.

काही काळ गेला. भिवराला एका घरून बारशाचं बोलावणं आलं, नाव कापायला. मुलीचं नाव इंदू ठेवायचं होतं. बारशाच्याच दिवशी माप घ्यायला ती त्या घरी गेली, तर दारात गडबड चाललेली. मुलीचा बाप, एक तरुण सुतार, तिवईवर चढून घाईघाईने काहीतरी उतरवत होता. त्याची आई खालून म्हणत होती, “लवकर काढ रे, भिवराबाई आल्या!”

“काय आहे ते?” भिवराने विचारलं.

सुतार लाजला. “काही नाही हो. आपलं असंच. काल हौसेने मी करून बघितलं. लाकडावर हात चालतो, वाटलं कागदावरही चालेल. तुम्ही चांगलं करून द्या.”

कागद त्याच्या हातात चुरगळत होता. भिवराने तो हळूच सोडवून घेतला आणि गुडघ्यावर सपाट केला. कमान एका बाजूला उतरलेली होती. इ चं शेपूट फारच लांब गेलं होतं. दू चा उकार कुठल्या कुठे. आणि अनुस्वार तर गळूनच पडला होता, त्यामुळे नाव ‘इदू’ झालं होतं.

तिचा हात सवयीने पिशवीतल्या कातरीकडे गेला. खिळा कुठे ठोकायचा, कमान किती उघडायची, कुठलं अक्षर किती कलवायचं, सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग तिने मान वर केली आणि त्या तरुण बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो तिच्या तोंडून काय निघतंय, याची वाट बघत होता. दाराआडून त्याची बायको मुलीला खांद्यावर घेऊन बघत होती. तीही वाटच बघत होती.

भिवराने पिशवीतून हात बाहेर काढला.

“टिंब कुठे पडलं?” ती म्हणाली. “ते शोधा आधी. मुलीचं नाव अर्धं राहायला नको.”

सगळे खाली वाकून शोधू लागले. टिंब भिवरालाच सापडलं, उंबऱ्याच्या फटीत. तिने ते फुंकर मारून स्वच्छ केलं आणि सुताराच्या तळहातावर ठेवलं.

“तुम्हीच लावा.”

“आणि नाव? तुम्ही नवं कापणार ना?”

“हेच लावायचं. बापाने केलंय.”

“वाकडं आहे हो, भिवराबाई. लोक हसतील.”

“हसतील,” भिवरा म्हणाली. “हसून झाल्यावर विचारतील, कुणी केलं म्हणून. तेव्हा सांगा. चढा, मी तिवई धरते.”

सुतार वर चढला. भिवराने दोन्ही हातांनी तिवई धरली. नाव लागलं, टिंब लागलं, तेही जरा उजवीकडेच लागलं. बायको दाराआडून बाहेर आली आणि मुलीला वर उचलून म्हणाली, “बघ गं इंदू, बाबांनी काय केलंय!” तिवईवरून उतरता उतरता सुताराने बाहीने डोळे पुसले.

भिवरा पिशवी घेऊन निघाली. तेवढ्यात सुताराची आई म्हणाली, “अहो, चाललात कुठे? आत या की. मुलीला पाळण्यात घालतोय आता.”

भिवरा त्या वाकड्या नावाखालून आत गेली. बायकांनी सरकून तिला पाळण्याजवळ जागा दिली. ती गाणी तिने रस्त्यावरून कितीदा ऐकली होती. शब्द सगळे पाठ होते. तरी पहिल्या ओळीला तिचा आवाज फुटेना. दुसऱ्या ओळीला फुटला.

निघताना सुताराच्या आईने तिच्या हातावर घुगऱ्यांचा द्रोण ठेवला. भिवरा म्हणाली, “आणखी एक द्याल?” तिने तो दुसरा द्रोण पदराखाली झाकून जपून घरी आणला. आपल्या पायरीपाशी आल्यावर तिने समोर बघितलं. कुलूप लावलेल्या दाराकडे बघत ती पायरीवर बसली. एक द्रोण तिने मांडीवर घेतला आणि दुसरा शेजारी ठेवला.

तात्पर्य: कुणी जीव लावून काही दिलं, तर आधी देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं. वस्तूतली चूक उद्याही दिसेल, तो चेहरा उद्या समोर असेलच असं नाही.